कोकराच्या कातड्याचा तुकडा

धुळाप्पा सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बरण्या पुसत होतो. फोन ठेवला आणि राहिलेल्या बरण्याही पुसून काढल्या... त्याला आता दीड महिना झाला.

कराडच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे, मी त्यांचा लॅब असिस्टंट. बावीस वर्षं. ते कवठे महांकाळकडच्या मेंढपाळाच्या घरातले. रोगप्रतिकारशक्तीचा धडा आला की ड्रॉवरमधून वाळक्या कातड्याचा तुकडा काढून पोरांच्या नाकाशी धरायचे. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते आणि आपलंच समजून पाजते. "रक्तातली पांढरी पेशीबी अशीच हुंगती," सर सांगत. "तिच्या अंगावर रिसेप्टर असत्यात, त्येच तिचं नाक. परकं लागलं की ती बाकीच्यांस्नी उठवती. मग ताप येतो. ताप म्हंजी घर जागं झालं." पोरं नाक मुरडायची, पण पेपरात तो प्रश्न कुणी सोडत नसे.

निवृत्तीनंतर त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. धाकट्या बहिणीने एक दिली. सख्ख्या बहिणीची असली तरी शरीराला ती परकीच. "हितं कातडं बांधता येत न्हाई, गड्या," मलकापूरच्या घरी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा डबा दाखवत ते म्हणाले, "म्हणून मेंढीचं नाकच बधिर करायचं. जन्मभर."

एका रविवारी गेलो तर कॉटवर पडून होते. "लय गळाल्यागत वाटतंय रं. दवाखान्यात जाऊ का?"

मी कपाळाला हात लावला. गार होतं. "ताप न्हाई सर. पडा निवांत, उद्या बघू." त्यांनीही स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. तो धडा आम्ही दोघांनी इतक्या वेळा केलेला, पण नाक बधिर असलं की घर जागंच होत नाही, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. सोमवारी नेलं तोवर जंतू रक्तात पसरले होते. बुधवारी ते गेले. अशा रुग्णाला ताप येईलच असं नसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सरांच्या पत्नीने, वहिनींनी, मला बोल लावला नाही. चूक माझीच होती, ती मला डाचते.

परवा जीवशास्त्राच्या नव्या मॅडमनी सरांचं जुनं टेबल आवरायला काढलं. "दादा, हे काय? टाकायचं का?"

मी तुकडा नाकाशी धरला. नुसता डांबरगोळीचा वास येत होता.

"असू द्या. धड्याला लागतं," मी म्हणालो. "आणि पोरांना एवढं जास्तीचं सांगा... किडनी बदललेल्या माणसाला गळाल्यागत वाटलं, तर ताप नसला तरी दवाखान्यात न्यायचं."