पेजेतली पूड

मालवण किनाऱ्यावरचं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यात गुन्हेगार कुणीच नव्हता, आळ मात्र पक्का होता.

तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. मुंबईला नोकरी करणारा एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आला. त्याची आई ओरोसला रुग्णालयात होती. अंग पिवळंधमक, लिव्हर ढासळत चाललेलं. गावी आईजवळ त्याची विधवा वहिनी तेवढी असे; रुग्णालयातही तीच रोज घरून पेज करून नेई. ती म्हातारीच्या पेजेत रोज कसली तरी पूड घालते, असं शेजारणीने त्याला फोनवर कळवलं होतं.

"तिला आत घ्या साहेब. या घरात तिला पाऊल ठेवू देणार नाही मी," तो म्हणाला.

महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी घरी गेलो. सासूला काही औषध देतेस का, असं विचारलं.

"वखाद खयचा, साहेब? पेज भरवतंय."

पुन्हापुन्हा तेच उत्तर. खोटं बोलणारा बहुधा प्रश्न संपण्याआधीच उत्तर देतो. ही बाई शांतपणे ऐकून मग बोले. शेजारणीचा जबाबही ठाम होता. मला कुतूहल वाटू लागलं, दोघीही खरं बोलत असतील तर?

म्हटलं, "रोज करतेस तशीच पेज कर बघू."

तिने पेज वाडग्यात ओतली, फडताळातून बाटली काढली, कॅप्सूल फोडून पिवळी पूड आत टाकली आणि आमच्यादेखत ढवळू लागली. कॉन्स्टेबल ताडकन उठली.

"हे काय?"

"ह्या वखाद नाय, साहेब. भावोजींनी मुंबैसून धाडल्यानी, ताकदीचा. सासूक गिळूक जमणा नाय, म्हणान फोडून घालतंय."

आमच्याकडे चाकरमानी मुंबईहून आणतो-धाडतो ते सगळं खाऊच. त्याला औषध कोण म्हणणार? डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तिने 'काय नाय' म्हणूनच सांगितलं होतं. सासूला अशक्तपणा वाढला, तसं दिराने, म्हणजे अर्ज घेऊन आलेल्या त्या मुलानेच, फोनवर दुप्पट द्यायला सांगितलं. तिने इमानाने दिलं.

बाटली जप्त करून डॉक्टरांपुढे ठेवली. हळदीचा अर्क! मी चक्रावलो. हळद तर आम्ही रोज खातो.

"कालवणातली चिमूट वेगळी, हा कडक अर्क वेगळा," डॉक्टर म्हणाले. "काहींच्या लिव्हरला सोसत नाही. आधी हे बंद."

तपासणीत विष निघालं नाही. पूड थांबली आणि म्हातारीच्या डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू उतरला.

तेव्हापासून मी 'औषध घेता का' असं कुणाला विचारलं नाही. सकाळपासून तोंडात काय काय जातं, तेच विचारत आलो. डोळ्यांनी पाहिलेलं खरं असलं तरी पुरं नसतं, हे मला त्या बाईने शिकवलं.

बाटली आपणच धाडलेली हे कळल्यावर मुलाने अर्ज मागे घेतला, पण एकट्याने घरी जायची त्याची छाती होईना. मी सोबत गेलो. वहिनीने त्याच्यापुढे पेज ठेवली. तो वाडग्याकडे बघतच राहिला.

"जेवा भावोजी," ती म्हणाली. "ह्यात काय एक घालूक नाय."

त्याने वाडगा उचलला आणि तो ढसाढसा रडू लागला.