वारेचं इंजेक्शन

“पावणं, आदी खड्डा, मग पेढं.”

पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आलेल्या नव्या बापाला मावशी असं दारातच अडवायच्या आणि हळदकुंकू लावलेलं मडकं त्याच्या हातात द्यायच्या. आत बाळाची वार, बाळामागून पडते ती. ती खोल पुरून वर दगड ठेवल्याशिवाय पेढा तोंडात घालायचा नाही. कुत्र्यानं उकरली तर पोराच्या जिवाला लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

शाहूपुरीत खाली मावशी कामाला होत्या ते प्रसूतिगृह आणि वर माझा दातांचा दवाखाना. तुमच्याही जन्माला अशी एखादी मावशी हजर असणारच, तुम्हाला आठवत नसेल एवढंच. बाळंतीण ओरडली की या तिच्यावरताण ओरडायच्या, “कळ सोस गं, आलं बघ!” वर माझ्या खुर्चीतला पेशंट दचकायचा.

मग संधिवातानं त्यांच्या जबड्याचा सांधा धरला. तोंड जेमतेम बोटभर उघडू लागलं. भाकरी सुटली, पेज आली, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण दातांतून पुटपुटलेलं बाळंतिणीला कळेना, म्हणून त्यांना कपडे धुण्याच्या कामावर टाकलं. त्यांना फक्त परत आत जायचं होतं.

हृदय कमजोर, त्यामुळे भूल देऊन शस्त्रक्रिया करणं शक्य नव्हतं. माझ्या ओळखीचे एक सर्जन वारेच्या पातळ पडद्यापासून केलेलं औषध सांध्यात टोचून पाहत होते. गुण येईलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. बाळांच्या आया वार राजीखुशीनं देतात, असं मी मावशींना समजावलं. त्यांनी विचारलं,

“म्हंजी त्या लेकराची पुरलीच न्हाय?”

नाही, म्हणालो. तरी त्या तयार झाल्या. बाळंतिणीजवळ उभं राहायची ओढच तेवढी होती.

इंजेक्शननंतर ठणका कमी झाला, तोंड दोन बोटं उघडलं. एका सकाळी खालून “कळ सोस गं” ऐकू आलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून जिन्यात जाऊन उभा राहिलो. पण थोड्याच दिवसांत जबडा पुन्हा मिटला, आधीपेक्षा घट्ट. हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही, यात कुणाचा दोष नाही, असं सर्जननी परोपरीनं सांगितलं. दुसरं इंजेक्शन देऊन पाहू, असंही म्हणाले. मावशींनी मान हलवली.

“एका लेकराची माज्यात वाया घालवली. दुसऱ्याची नगं.”

त्या कोडोलीला मुलाकडं निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. त्या औषधाचा राग आला, माझ्या शिक्षणाचाही आला.

शेवटी त्यांचं हृदय थकलं. निरोप आला तसा मी कोडोलीला पोचलो. मुलगा गंगाजलाचा चमचा घेऊन उशाशी बसला होता. मावशींचा श्वास चालू होता, पण चमचा दातांच्या पुढं जाईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“डाक्टर, तुमी दातांचं. जरा उगडा की.”

मी दोन्ही हात त्यांच्या गालांना लावले. सांधा जागचा हलला नाही. मुलानं तुळशीचं पान ओठांवरच ठेवलं. पाणी हनुवटीवरून गळ्याकडं ओघळत राहिलं आणि मी ते रुमालानं टिपत राहिलो.