मयेकरांनी खोडायला लावलेली ओळ

मयेकर कुठल्याही खोलीत शिरण्याआधी चपला काढत. वर्गात नोटीस आणायची असो, मुख्याध्यापकांना चहा द्यायचा असो, नाहीतर अडगळीच्या खोलीतून नकाशे काढायचे असोत, चपला बाहेर. अंधेरीच्या आमच्या शाळेत हा शिपाई दिवसातून पन्नासेक वेळा तरी चपला काढत-घालत असेल. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी नुकताच भूगोल शिकवायला लागलो होतो, आणि नव्या माणसाला सगळ्याचा अर्थ लगेच कळतो. मी ठरवून टाकलं की कोकणातला भाविक माणूस, शाळेला देऊळ मानतो. एकदा मोठ्या कौतुकाने तसं बोलूनही दाखवलं.

"देऊळ खयचा, मास्तरानू?" ते म्हणाले. "खाणीतली सवय ती. पायाची काळी भुकटी घरात जावची नाय म्हणान थंय सगळेच भायर काढीत."

"कुठल्या खाणीत?"

"उत्तरेच्या," असं म्हणून ते घंटा द्यायला गेले. मला वाटलं, बिहारबिहारकडची असेल.

मयेकर मालवणकडचे. बुटके, पन्नाशी उलटलेले, उजव्या हाताची दोन बोटं न वाकणारी. तरुणपणी जहाजावर आगवाले होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचं काम. बोलणं मोजकं, आणि काही सांगितलं की शेवटी एक ठरलेलं वाक्य: "बघलेला सांगतंय, आयकलेला नाय." शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्या वाक्याची नक्कल करायचो. मी सगळ्यात चांगली करायचो, हेही सांगून टाकतो.

एके दिवशी मी आठवीला टिपण देत होतो. 'उत्तर ध्रुवाजवळील बेटांवर खनिजसंपत्ती नाही व उद्योगधंदेही नाहीत.' दारात मयेकर नोटीस घेऊन उभे होते, अनवाणी. नोटीस देऊन ते बाहेर थांबले. तास संपून मी बाहेर आलो तेव्हा म्हणाले, "ती ओळ खोडा, मास्तरानू."

"कोणती ओळ?"

"खनिज नाय म्हणताली ती. थंय कोळसो आसा. ह्या हातान काढलंय."

मग व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यांनी हकिगत सांगितली. विलायतेतल्या एका बंदरात ते कोळशाच्या बोटीवर चढले. बोट स्पिट्सबर्गन बेटावर माल भरायला गेली. ध्रुवाच्या इतक्या जवळ की नकाशात ते बेट दाखवायला मला हात वर करावा लागतो. तिथे धक्क्यावर त्यांचा हात साखळीत सापडला. खाणकामगारांच्या इस्पितळात त्यांना ठेवून बोट निघून गेली, आणि मागोमाग समुद्र गोठला. आता आठ महिने दुसरी बोट नाही. हात जरा बरा झाल्यावर मयेकर आपणहून खाणीत कामाला गेले. "बसान खावक कोण देतलो?"

खाण जमिनीखाली नव्हती, डोंगराच्या पोटात उंचावर होती. कोळसा तारेवरच्या बादल्यांतून खाली धक्क्यापर्यंत यायचा. थर इतका कमी उंचीचा की बसताही येत नसे, कुशीवर पडून खणायचं. शेजारी हान्स नावाचा म्हातारा पडलेला असायचा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हे हान्सनेच त्यांना खुणांनी शिकवलं. चार महिने सूर्य नाही. मग एक दिवस पहिलं ऊन इस्पितळाच्या पायऱ्यांवर येतं म्हणून झाडून सगळी वस्ती तिथे जाऊन उभी राहायची. ऊन आलं तशा सगळ्यांनी टोप्या काढल्या. मयेकरांनी पत्र्याच्या पेल्यातून अर्घ्य दिलं. हान्सने खुणेने विचारलं, हे काय?

"मी म्हटलंय, पावणो इलो. तेका पाणी नको देवक?"

आणि पुढची बोट यायला आठ दिवस उरले असताना खाणीचं छत बसलं आणि हान्स गेला. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. वर नेहमीचं, "बघलेला सांगतंय."

गोष्ट मला आवडली. पण गोष्ट वेगळी आणि पाठ्यपुस्तक वेगळं. मी म्हटलं, "मयेकर, पुस्तकात नाही ते मी कसं शिकवू? उद्या तपासणीला साहेब आले तर?"

"बरां," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खडू देताना त्यांनी विचारलं, "खोडलात?" मी नाही म्हटलं. "बरां." तिसऱ्या दिवशी हजेरीपट देताना, "खोडलात?" चौथ्या दिवशी चहाचा कप ठेवताना, "खोडलात?" रागावून नाही, लोचटपणे नाही. बाहेर पाऊस आहे का विचारावं तसं. महिनाभर हे चाललं. मला त्या माणसाची धास्ती बसली. व्हरांड्यात दिसले की मी वाट बदलायला लागलो. शेवटी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, पुरावा काय तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी ते लाल फडक्यात गुंडाळलेला एक खडा घेऊन आले. मुठीपेक्षा जरा मोठा, काळा, कडेला चकाकणारा. घरात देवांच्या शेजारी ठेवलेला असायचा म्हणे. शिक्षकांच्या खोलीत सगळे जमले होते. आणि मी, सगळ्यांना हसवायची खाज असलेला मी, तो खडा हातात घेऊन म्हणालो, "काळा दगड तर आपल्या गावदेवीच्या डोंगरावरही मिळतो, मयेकर. तुम्ही तर पायथ्यालाच राहता."

खोली खदखदून हसली. मयेकरांनी खडा परत घेतला, फडक्याची चारी टोकं सावकाश दुमडली. "हसा," ते म्हणाले. "पण ओळ खोडूची लागतली." त्या दिवशी चहाबरोबर "खोडलात?" आलं नाही. मला वाईट वाटलं, पण माफी मागावी इतकं नाही. लाज वाटते ती त्याची.

दुसऱ्या दिवशी आठवीवर तास सुरू झाला आणि दारात मयेकर. चपला काढल्या. हातात चहाची शेगडी, आत लाकडी कोळसे फुललेले. "पाच मिन्टां देयात," म्हणून त्यांनी शेगडी टेबलापुढे फरशीवर ठेवली आणि कमरेला खोचलेलं खड्याचं लाल फडकं सोडलं.

ते काय करणार हे माझ्या लक्षात आलं. मी फळ्यापुढच्या चौथऱ्यावरून खाली उतरलो. "राहू द्या, मयेकर. मी मानतो. चुकलं माझं."

"तुमी मानलात. पोरांक कोण सांगतलो?" ते म्हणाले. "दगड आसलो तर रवतलो, कोळसो आसलो तर जळतलो." आणि खडा विस्तवावर ठेवला.

बराच वेळ काही झालं नाही. मयेकर उकिडवे बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. मी आयुष्यात कधी दगडाला नवस केला नव्हता, त्या दिवशी मनात म्हणत होतो, पेट बाबा. मग खड्याला तडा गेला. पिवळसर धूर निघाला, डांबरासारखा वास वर्गभर पसरला, आणि एका कडेने ज्वाळ धरली. खडा चांगला पेटला. मयेकर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

मी फळ्यावर ती ओळ लिहिली आणि पोरांसमोर तिच्यावर आडवी रेघ मारली. चाळीस वह्यांत चाळीस रेघा उमटल्या. मयेकरांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, "बरां," म्हणाले आणि शेगडी उचलून निघून गेले.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. समोर मयेकर, टेबलावर त्यांचा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज. कारण: मयत.

"कोण वारलं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मित्र."

"केव्हा?"

"पंचवीस वर्सां झाली."

मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "द्या सर. माझीही लिहून घ्या."

आम्ही वर्सोव्याला गेलो. मयेकरांनी फक्त त्या खड्याची राख निवडून कागदाच्या पुडीत घेतली होती. वाळूत उभे राहून ते म्हणाले, "हान्सच्या मुठीत होतो हो कोळसो. बोटां सोडवन घेतलंय." जमीन गोठलेली, खड्डा खणता येईना, म्हणून लोकांनी हान्सवर नुसते धोंडे रचले होते. आपल्या माणसाला आपण धोंड्यांखाली टाकून बोटीत चढलो, हे या गृहस्थाने पंचवीस वर्षं देवांशेजारी जपून ठेवलं होतं. आणि मी त्याला डोंगराचा दगड म्हटलं होतं.

मला काहीतरी बोलायचं होतं, नको ते बोललो. "पण मयेकर, तो ख्रिस्ती होता ना? त्यांच्यात अग्नी देत नाहीत."

"माका दुसरा खय काय येता?" ते म्हणाले आणि गुडघाभर पाण्यात शिरले. पुडी सोडली, डोक्यावरून पाणी घेतलं. परतताना मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि घंटेची वेळ झाली असेल म्हणाले.

पुढे मी चिकाटीने शोधून ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या बेटावर आधी देवमाशांची शिकार करणारे आले, त्यांना कड्यांतून उघडा कोळसा सापडला. मग देशोदेशीचे मालक आले, कुणी टिकले, कुणी यंत्रं तिथेच टाकून पळाले. गेल्या लढाईत सगळी माणसं बोटींत घालून नेली आणि शत्रूला मिळू नये म्हणून कोळशाच्या राशी पेटवून दिल्या. मयेकर एकदम पुढे सरकले. "आणि मगे?"

"लढाई संपल्यावर माणसं परत गेली. खाणी पुन्हा चालू झाल्या."

"जातलेच," ते समाधानाने म्हणाले. "पोटासाठी माणूस खयंय जाता."

ते निवृत्त होऊन गावी गेले आणि तिसऱ्या वर्षी वारले. पत्र आलं तेव्हा मी आठवीच्या तासावरच होतो. दरम्यान पाठ्यपुस्तक बदललं, ओळ तशीच राहिली. आजही मी ती आधी पोरांना लिहायला लावतो आणि मग खोडायला लावतो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, खोडायचीच तर लिहून कशाला घेता? मी म्हटलं, एका माणसाने मुठीतला कोळसा जाळून ती खोडली आहे, ती नुसती वगळून कशी चालेल?

पोरांच्या रेघा मारून झाल्या की माझी नजर दाराकडे जाते. "खोडली, मयेकर," मी मनात म्हणतो, आणि "बरां" म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबून पुढचं टिपण देतो.