तिसऱ्या प्लगची वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या बायकोला, सुवर्णाला, तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही.

इथे परदेशात, आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या मराठी मंडळींत माझं नाव फार चांगलं आहे. बायकोला रोज ऑफिसला सोडतो, आणायला जातो, हळदीकुंकवाला नेऊन बाहेर गाडीत बसून राहतो — आणि वर कुरकुर नाही. बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. यात खोटं काही नाही. सुवर्णा गाडी चालवत नाही, म्हणून मी चालवतो. पण ती का चालवत नाही?

थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची इथे रीघ लागली होती, तेव्हाची गोष्ट. सुवर्णा अकाउंटिंग शिकायला आली आणि मी तिचा डिपेंडंट म्हणून. चिंचवडला मी मेकॅनिकल इंजिनियर होतो, हाताखाली सहा माणसं. इथे वेअरहाउसमध्ये खोकी उचलत होतो. व्हिसा तिच्या नावावर, मी तिच्या फाइलमधलं एक पान. हे टोचत होतं का? हो, टोचत होतं. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी हसून उडवून लावलं असतं.

आम्ही एक जुनी गियरची गाडी घेतली होती. मी दुसऱ्या खेपेला टेस्ट पास झालो. सुवर्णाने चार महिन्यांत गाडी अशी हातात घेतली की शेजारी बसून मला सांगण्यासारखं काही उरलं नाही. माझ्यापेक्षा बरी चालवायची, हेही सांगूनच टाकतो. तिची टेस्ट सोमवारी होती. आदल्या शनिवारी सकाळी मी म्हटलं, इंजिनाचे स्पार्क प्लग बदलून देतो, गाडी कशी मस्त पळेल बघ.

"येतं ना तुला?" तिने विचारलं.

इंजिनियरला असं विचारतात का? मला राग आला. पण खरं सांगायचं, तर तिचा प्रश्न बरोबर होता. कंपनीत मी इन्स्पेक्शन रिपोर्टांवर सह्या करायचो. पाना हातात धरला होता तो फक्त रविवारी, स्कूटरचा प्लग साफ करायला. वायर धरून एक हिसका द्यायचा, पॉलिश पेपरने प्लग घासायचा, झालं. स्कूटरने कधी तक्रार केली नाही.

इथे चार प्लग, चार वायरी. दोन हिसक्यांत दोन निघाल्या. तिसऱ्या वायरीचं रबरी टोपण इंजिनाच्या उष्णतेने प्लगला चिकटून बसलं होतं. मी वायर धरली आणि जोर लावला — वायर हातात आली, टोपण तिथेच. आता? मी वायरीचं टोक टोपणात परत खुपसलं. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. चौथीला हातच लावला नाही. गाडी सुरू केली, जराशी थरथरली, पण चालली.

"झाले चारही?"

"झाले," मी म्हणालो.

सोमवारी सेंटरपर्यंत गाडी मीच नेली. वाटेत दोनदा तिने आचके दिले. सुवर्णा शेजारी नियमांचं पुस्तक वाचत होती. मी तेव्हाच का नाही बोललो? टेस्ट पुढे ढकलता आली असती. एका वाक्याचं काम होतं.

गाडी राउंडअबाउटवर बंद पडली. मग सिग्नलला. मग उजवीकडे वळताना, भर चौकात, मागे ट्रक हॉर्न वाजवतोय. परीक्षक बाईंनी टेस्ट तिथेच थांबवली. सुवर्णा रडत बाहेर आली. माझा क्लच सुटतोय, म्हणाली. आणि मी — मला सगळं ठाऊक असताना — म्हणालो, "हो, घाईने सोडतेस तू."

दुसऱ्या दिवशी ती युनीला लेक्चरला गेल्यावर मी स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने तुटकी वायर बघितली मात्र, लगेच हसला. "वायर धरून ओढलीस ना, मेट?" टोपण आधी जागच्या जागी फिरवून सुटं करायचं आणि मग टोपणच धरून काढायचं, त्याने हाताने करून दाखवलं. नो वरीज, सगळेच करतात, म्हणाला. मी घरी येऊन वायरी बदलल्या, राहिलेले दोन प्लगही बदलले. टोपण फिरवल्यावर चटकन निघालं.

संध्याकाळी तिला गाडीतून चक्कर मारून आणली. गाडी अगदी लोण्यासारखी. मी म्हणालो, "बघ, माझ्या हातात कशी चालते."

वायर तुटली ही चूक होती. हे वाक्य चूक नव्हतं. ते मी ठरवून बोललो. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याकडे, याला काहीतरी येतं, अशा नजरेने बघत होती. मला ते आवडलं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तिने पुन्हा टेस्टची तारीख घेतली आणि रद्द केली. मी म्हटलं, घाई काय आहे, मी आहे ना. पुढे तिला एक चांगली नोकरी आली होती, तिच्या मनासारखी, पण तिथे ट्रेन जात नव्हती. ती तिने सोडली आणि स्टेशनजवळची लहान नोकरी धरली. तेव्हाही मी गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात आमच्या मुलीने एल प्लेट लावली. ती चालवत होती, मी शेजारी, सुवर्णा मागे. मुलीने सहज विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट यू एव्हर लर्न?"

"माझ्यात तो कॉन्फिडन्सच नाही गं," सुवर्णा म्हणाली. "पहिल्यापासूनच नाही."

ती हे कुणाला दोष देऊन बोलली नाही. तिचा खरंच तसा विश्वास आहे. मी मुलीला म्हटलं, आरसा बघ, इंडिकेटर दे.