लाल गाडी घ्यायला गेलो

लाल गाडी घ्यायची, हे मी पुण्यातूनच ठरवून निघालो होतो. हिरवी फक्त नावाला बघायची होती.

सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात सुखदेवभाऊंकडे दोन जुन्या विलायती स्पोर्ट्स कार आहेत. घुग्घुसच्या कोळसा खाणीत फिटर असताना त्यांनी त्या भंगारातून उभ्या केल्या. आता शेड एकीलाच पुरत होतं, म्हणून दुसरी विकायची. कोणती, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

नागभीड मागे पडलं तशा दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (भातखाचरं) लागल्या. थंडीचे दिवस होते आणि मी भलताच खुशीत होतो.

हिरवी लांब नाकाची, जमिनीला टेकलेली. लाल तिच्याहून जुनी, उंच, तारांच्या चाकांची, दाराखाली ऐसपैस पायरी असलेली. आधी हिरवी काढली. भाऊ "तुमी जा" म्हणून बाहेरच थांबले. पळायला ती वाघीण, पण पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं. शिवाय स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. लाल गाडीत मात्र भाऊ शेजारी बसले. तिला घाई कसलीच नव्हती, पण बैलगाडीच्या चाकोरीतूनही ती मजेत गेली. मी चक्क गाऊ लागलो. भाऊंनी तेही सहन केलं.

घरी भाऊंच्या पत्नी मायाबाईंनी भात आणि पोपटाची (वालाच्या दाण्यांची) झणझणीत भाजी वाढली. भाऊ हात धुवायला गेले होते. ते हिरवीत का बसले नाहीत, असं मी सहज विचारलं.

"खाणीत गुडघे गेले त्याहीचे," मायाबाई म्हणाल्या. "हिरवीत बसले का काढाले दोन माणसं लागतात. लालमधी पायरीवर पाय ठेवते अन् बसते. दर रविवारी आमी दोघं तिच्यातच विहारात जातो."

भाऊंनी यातलं अक्षरही मला सांगितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, हिरवी घेतो. भाऊ चिडलेच.

"काऊन? लाल चांगली आहे. तुमी इतक्या दुरून आले, तुमाले खराब गाडी देऊ का मी?"

मला वेग आवडतो, हिरवीचा आवाज आवडला, असं काहीबाही मी सांगितलं. भाऊंनी हिरवी चालू केली, पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. खाणीतली सवय. बराच वेळ ऐकून त्यांनी इंजिन बंद केलं.

"इंजिनचं खोटं मले ऐकावं लागते," ते म्हणाले. "माणसाचं न ऐकताच समजते." मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "डावीकडे ओढते. सांभाळून जा."

हिरवीने पुण्यापर्यंत ओढून ओढून माझे दंड भरून आणले. लाल गाडीसाठी अजून जीव तुटतो, खोटं कशाला बोलू? इतकी गोड गाडी पुन्हा मिळायची नाही.

रविवारी सकाळी भाऊंचा फोन आला. मागे विहारातली वंदना ऐकू येत होती. हिरवीची चौकशी त्यांनी केली नाही. एवढंच म्हणाले, "आमी पोचलो."