उत्तरतालिकेवरचं खोडलेलं टिंब

उत्तरतालिकेतली ती चूक मला दिसली होती. मी तिच्यापुढे पेन्सिलीनं टिंब दिलं, मग ते खोडलं आणि खाली ‘तपासले’ लिहून सही केली.

लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये मी एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. दर रविवारी आमच्याकडे परीक्षा असते. ज्यानं पेपर काढला त्यानं उत्तरतालिका करायची, दुसऱ्या शिक्षकानं तपासायची, आणि दोन सह्या झाल्याशिवाय ती नोटीस बोर्डावर लागत नाही. तपासताना चूक दिसली की मी प्रश्नाच्या आकड्याशेजारी बारीक टिंब देतो. ही सवय सगळ्या स्टाफला माहीत होती.

रसायनशास्त्राच्याच दुसऱ्या शिक्षिका, आमच्या मॅडम, देगलूरच्या, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्या आल्या तेव्हा खडूचे डबे कुठं असतात ते मीच दाखवलं होतं. तिसऱ्या वर्षी संचालकांनी पहिली बॅच, म्हणजे सर्वांत हुशार मुलांची बॅच, माझ्याकडून काढून त्यांना दिली. मी हसून अभिनंदन केलं. त्यानंतर पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्या वर्गाबाहेरच्या फिल्टरपाशी उभा राहू लागलो.

एकदा त्या बहुवारिकं, म्हणजे पॉलिमर, शिकवत होत्या. सहा मुलांना पुढं बोलावून म्हणाल्या, “आपलेच दोन्ही हात एकमेकांत गुंफा. हे झालं कॅप्रोलॅक्टमचं बंद कडं. आता हात सोडा, अन् शेजारच्याचा धरा.” सहा कडी उघडली आणि एक साखळी झाली. हे नायलॉन-सहा. मग त्यांनी एकाआड एका मुलाच्या दोन्ही मनगटांना रुमाल बांधले. आता दोन तऱ्हेचे रेणू एकाआड एक जोडले गेले, हे नायलॉन-सहा-सहा. मुलं हसत जागेवर गेली. मी ग्लास हातात धरून तसाच उभा. इतकी वर्षं मी हेच तीन रंगांच्या खडूंनी फळ्यावर लिहीत होतो.

शंका विचारायला आलेला माझ्याच बॅचचा एक मुलगा म्हणाला, “तिकडं मॅडम हात धरायला लावून शिकवून राहिल्या सर, लई सोपं जातंय म्हणं.” घरी येऊन मी आरशासमोर स्वतःचे हात गुंफून पाहिले. बायकोनं विचारलं तेव्हा खांदा दुखतोय म्हणालो.

त्याच आठवड्याची उत्तरतालिका माझ्याकडे आली. नायलॉन-सहा कशापासून बनतं, या प्रश्नाला मॅडमनी घाईत नायलॉन-सहा-सहाचा पर्याय लिहिला होता. त्यांना हे येत नव्हतं असं मी स्वतःलासुद्धा पटवू शकत नाही. टिंब दिलं. मग वाटलं, एकदा कळू दे सगळ्यांना. आणि खोडरबर घेतलं.

ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांचे चार गुण गेले, वर चुकीच्या उत्तराचा म्हणून एक कापला गेला. यादीत मुलं खाली घसरली. पालक संचालकांच्या खोलीत जमले. मॅडमनाच येत नाही तर पोरांना काय येणार, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांनी निकाल दुरुस्त झाला, पण बोललेलं तसंच राहिलं. संचालकांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मॅडमवर विश्वास ठेवून सही केली. त्यांची पहिली बॅच गेली. महिन्याभरात त्या नांदेडच्या एका क्लासला लागल्या, आणि बॅच माझ्याकडे परत आली.

उजळणीच्या तासाला मी सहा मुलांना पुढं बोलावलं आणि हात गुंफायला सांगितले. पाचजणांनी गुंफले. सहावी मुलगी हात खाली सोडून उभी राहिली.

“सर, हे मॅडमचं आहे,” ती हळूच म्हणाली.

मी सगळ्यांना बसायला सांगितलं. तो तास कसा संपवला, आठवत नाही.

पुढच्या सुट्टीला बसनं नांदेडला गेलो. क्लासच्या सायकल स्टँडपाशी मॅडम भेटल्या. त्यांनी आधी चहाचं विचारलं. मी नको म्हणालो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

“ठाऊक हाय सर,” त्या म्हणाल्या. “बोर्डावरून कागद काढून उजेडाला धरला होता मी. पेन्सिल खोडली तरी वळ राहतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“चूक तर माझीच होती की. अन् एकोणीस वर्षं शिकवणाऱ्या सरांपुढं माझं कोण ऐकलं असतं?” मी माफी मागायला तोंड उघडलं, तशा त्या म्हणाल्या, “मला न्हाई. माझ्या पोरांपुढं सांगा.”

येताना बसमध्ये मी सुटकेच्या कितीतरी वाटा शोधल्या. सोमवारी संचालकांना पहिल्या बॅचच्या वर्गात बोलावून मागच्या बाकावर बसवलं. खडू टेबलावर ठेवला. ती सहावी मुलगी समोरच होती.

“नायलॉन-सहाचं उत्तर मॅडमकडून घाईत चुकलं होतं,” मी म्हणालो. “ते मला दिसलं होतं. एक शब्द बोललो असतो तर तिथंच दुरुस्त झालं असतं. मी मुद्दाम गप्प बसलो, कारण त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवत होत्या आणि ते मला सहन होत नव्हतं. नंतर खोटंही बोललो. त्यात तुमच्या मॅडम गेल्या. त्यांची आणि तुमची, मी माफी मागतो.”