बाबांच्या भजनाची डिस्क

बाबांच्या भजनाची कॅसेट टेपरेकॉर्डरने चावली. नशीब, त्याआधीच मी ती संगणकावर उतरवून घेतली होती. काळाचौकीच्या आमच्या चाळीतलं गुरुवारचं भजन, मीच रेकॉर्ड केलेलं. आता बाबा नाहीत, कॅसेटही नाही. उरली ही एकच प्रत. इंटरनेटवर ठेवणं म्हणजे बाबांना परक्याच्या घरी ठेवणं. म्हणून ग्रँट रोडला जाऊन एसएसडी, म्हणजे संगणकाला जोडायची डिस्क, घेतली.

दुकानदार म्हणाला, "काका, हिच्यात बारीक खोल्या असतात. एका खोलीत चार बिऱ्हाडं कोंबली की स्वस्त पडते, पण लवकर झिजते. ही तीनवाली आहे. टिकेल."

बिऱ्हाडं कोंबण्याचं मला सांगतोय! दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण झोपायचो. मला लगेच संशय आला, यानं चारवालीच गळ्यात मारली. लेबल काय, कुणीही चिकटवतं.

हापूसची पेटी तळापर्यंत उपसल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणी घेतलेली नाही. मी रोज सकाळी चहाबरोबर तपासणी सुरू केली. लग्नामुंजींचे व्हिडिओ कॉपी करून डिस्क काठोकाठ भरायची, सगळे उघडतात का बघायचं, मग पुसून टाकायचे. त्याच डिस्कवर ठेवलेल्या बाबांच्या फाइलला मात्र हात नाही. ऐकायचीसुद्धा नाही. झिजली तर?

डिस्कची तब्येत सांगणारा एक प्रोग्राम असतो. दोन महिन्यांत त्यात शंभराचे नव्वद झाले. सापडला चोर! मी तडक दुकानात.

"काका, रोज किती लिहिता हिच्यावर?"

"पूर्ण भरतो. मग पुसतो. बाबांचं भजन मात्र ऐकतसुद्धा नाही, झिजेल म्हणून."

"अहो, ऐकून काही होत नाही. लिहून-पुसून झिजते ती. तीनवाली म्हणून नव्वदवर तरी आहे!"

घरी बायको म्हणाली, "म्हणजे दोन महिने तुम्हीच घासत होतात बाबांना."

त्याच संध्याकाळी आणखी दोन प्रती केल्या. एक माझगावला बहिणीकडे पोचवली. मग धीर करून, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, फाइल लावली.

आधी पेटीचा सूर. मग बाबांचं खाकरणं. आणि भजनाआधी, खणखणीत आवाजात:

"चालू आहे ना रे ते? नीट बघ. तुझा काय भरवसा!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी गुपचूप आवाज वाढवला.